पाणबुडींतून कारखान्यांत

आमच्या घराण्यांत आजवर शिक्षक झाले, वकील झाले, दोन मामलेदार झाले आणि एक वैद्यहि होऊन गेले; परंतु लोखंड ओतून त्यावर पोट भरणारा मनुष्य आमच्या वंशवृक्षांत शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. तो आतां सांपडूं लागला आहे. साताऱ्यांत राहणारे आमचे वडील बंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणतें, त्यांचा मधला मुलगा वीस वर्षांहून अधिक काळ आरमारांत पाणबुडीवर अधिकारी होता. कमांडरच्या हुद्द्यावर असतां त्यानें आपखुषीनें निवृत्ति घेतली, मुंबईंतील एका मोठ्या कचेरीनें देऊं केलेली खुर्ची नाकारली, आणि सांगलीस आपल्या मामांच्या ओतशाळेंत जाऊन तो भट्टीपुढें उभा राहिला.

दादा रागावले असतें तर बरें झालें असतें. ते रागावले नाहींत. ते गप्प झाले. निवृत्त मुख्याध्यापक, शिस्तीचे, मोजकें बोलणारे. चारचौघांत मुलाची चौकशी झाली कीं "तो नेव्हींत आहे" एवढें एकच वाक्य उच्चारून थांबण्याची त्यांना दोन तपांची संवय. आतां तेंच वाक्य अर्ध्यावर अडूं लागलें. आळींतील एका गृहस्थांनीं तर सरळ विचारलें, "साहेबाचा मिस्त्री झाला म्हणावयाचा!" वहिनींचें मत मात्र निराळें पडलें. त्या म्हणाल्या, "इतकीं वर्षें पाण्याखालीं होता, आतां जमिनीवर आहे. मला तेवढें पुरे." घरांतल्या चर्चेंत जो शब्द वारंवार आला तो 'उतरला' हा. मुलगा अधिकाऱ्याच्या जागेवरून कारागिराच्या जागेवर उतरला. हा शब्द खरा कीं खोटा, एवढाच प्रश्न आम्हांला येथें पाहावयाचा आहे. कारण आमच्यासारख्या पांढरपेशा घरांतून असे प्रसंग यापुढें वरचेवर येणार.

सातारकरांना सैन्य नवें नाहीं. २३ जून १९६१ रोजीं साताऱ्यास सैनिकी शाळा निघाली. देशांतील अशा शाळांत ती पहिली. आमचा पुतण्या तेथेंच शिकला आणि पुढें खडकवासल्यास गेला. परंतु डोंगरांत वाढलेल्या मुलानें समुद्र, आणि त्यांतहि समुद्राचा तळ पत्करावा, हें त्या काळीं आम्हां सर्वांनाच चमत्कारिक वाटलें होतें. पाणबुडी म्हणजे काय याचीहि घरांत कोणाला धड कल्पना नव्हती. ती आम्हांला त्याच्याकडून, सुटीवर आला असतां रात्रीं जेवणें आटोपल्यावर, थोडथोडी मिळाली.

कृष्णाकांठच्या माणसाला डिझेल इंजिन समजावून सांगावें लागत नाहीं. सातारारोडच्या कूपर कारखान्याचें इंजिन आणि किर्लोस्करवाडीचा पंप या जोडीनें या खोऱ्यांतील कित्येक मळे भिजविले. साधारण पाणबुडींतहि असेंच, पण पुष्कळ थोर इंजिन असतें. अडचण एवढीच कीं, इंजिनाला जळण्यास हवा लागते आणि पाण्याखालीं हवा मोजकी. म्हणून पाण्यावर, किंवा पृष्ठभागाच्या अगदीं जवळून केवळ एक नळी वर काढून, इंजिन चालवावयाचें, त्यानें वीज निर्माण करून शिशाच्या प्रचंड बॅटऱ्यांत सांठवावयाची, आणि खोल गेल्यावर त्या सांठ्यावर पंखा फिरवावयाचा. लाटेनें त्या नळीचें तोंड क्षणभर मिटलें कीं इंजिन आपली हवा बोटीच्या आंतूनच ओढून घेतें व सर्वांच्या कानांत दडे बसतात. या बॅटऱ्या भरतांना हायड्रोजन वायु सुटतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा चारांवर गेलें तर एक ठिणगी पुरते. उलट समुद्राचें खारें पाणी बॅटरींत शिरलें तर क्लोरीन हा विषारी वायु निघतो. सारांश, ज्याच्यावर जीव जगवावयाचा तेंच जीव घेण्यास टपलेलें.

आणि बाहेर पाणी. दर दहा मीटर खोलीस दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलो दाब वाढतो. शंभर मीटरांवर हाताच्या पंजाएवढ्या झांकणावर दीड टन वजन उभें असतें. पाणबुडीच्या अंगांतून समुद्राकडे उघडणाऱ्या नळ्या कितीतरी. त्या प्रत्येकीचा सांधा, प्रत्येक झडप, प्रत्येक बोल्ट या दाबाशीं अहोरात्र झगडत असतो.

आमच्या घरांतील बायकांना मात्र सर्वांत आवडली ती तोलाची गोष्ट. पाणबुडी पाण्यांत ना वर ना खालीं अशी तरंगत राहावयाची, तर तिचें वजन ती जेवढें पाणी बाजूस सारते त्याच्या बरोबरीचें ठेवावें लागतें. मग प्रवासांत खाल्लेल्या बटाट्यांचा हिशेब धरावा लागतो. टॉर्पेडो सुटला कीं तेवढ्या भाराचें पाणी आंत घ्यावें लागतें. जळलेल्या तेलाच्या जागीं टांकींत समुद्राचें पाणी शिरतें, आणि तें तेलाहून जड, म्हणून तेल संपत जातें तशी बोट हलकी न होतां उलट जड होत जाते! नदीच्या मुखापाशीं पाणी गोडें झालें कीं तीच बोट आपोआप खालीं बसूं लागते. हा सारा मेळ अधिकाऱ्यानें रोज वहींत मांडावयाचा. वहिनी ऐकून म्हणाल्या, "म्हणजे कोठीघरच कीं रे!" पंचवीस पानांच्या घराचें कोठीघर ज्यांनीं सांभाळलें आहे त्यांना या म्हणण्यांतलें मर्म कळेल.

ही माहिती आम्ही लांबण लावून देत आहों तिला कारण आहे. पाणबुडीवर नवा आलेला अधिकारी, मग तो तोफांचा असो, होकायंत्राचा असो वा इंजिनाचा असो, त्याला बोटींतील प्रत्येक नळी कोठून निघते व कोठें जाते तें स्वतः सरपटत जाऊन पाहावें लागतें, तिचें चित्र काढावें लागतें, आणि अंधारांत चांचपून हवी ती झडप हुडकून दाखवावी लागते. ही परीक्षा उतरल्यावांचून छातीवर डॉल्फिनचें पदक लागत नाहीं. खलाशालाहि हीच परीक्षा. भूमीवर आपण साहेब आणि मिस्त्री यांच्यामध्यें जी भिंत घालतों ती तेथें उभी राहूंच शकत नाहीं. एकदां आम्हीं याविषयीं विचारलें तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, पाणबुडींत सगळ्यांना मिळून एकच हवा असते."

त्याचा अर्थ २६ फेब्रुवारी १९१४ नव्हे, २०१४ रोजीं साऱ्या देशाला कळला. (शतकाची ही गफलत आमच्या पिढीच्या लेखणीला जडलेली आहे, वाचकांनीं हंसून सोडून द्यावी.) त्या दिवशीं मुंबईजवळच्या समुद्रांत 'सिंधुरत्न' या पाणबुडीच्या बॅटरीच्या दालनांत धूर झाला. त्यांत कपीश मुवाल आणि मनोरंजन कुमार हे दोन तरुण अधिकारी मृत्यु पावले. आरमाराचे प्रमुख ॲडमिरल जोशी यांनीं त्याच दिवशीं राजीनामा दिला. त्या आधीं सहा महिने, १४ ऑगस्ट २०१३ रोजीं, 'सिंधुरक्षक' ही पाणबुडी मुंबईच्या गोदींतच स्फोट होऊन बुडाली होती व अठरा माणसें गेलीं होतीं. त्या दोन्ही रात्रीं साताऱ्यास आमच्या घरांत कोणी झोंपलें नाहीं. आमचा मुलगा त्या बोटींवर नव्हता. परंतु असावयास काय हरकत होती?

दादांचा एक आक्षेप मात्र विचार करण्याजोगा होता. ते म्हणत, "सरकारनें एवढा खर्च करून त्याला घडविलें तें लढण्यासाठीं. तें सोडून त्यानें लोखंडांत हात घालावा, यांत विद्येचा अपव्यय नाहीं काय?" याचें उत्तर शोधूं लागलों तेव्हां आम्हांला मौज वाटली ती ही, कीं पाणबुडीचा इतिहासच मुळीं अशा हुद्दा सोडणाऱ्या माणसांनीं भरलेला आहे.

इसाक पेराल हा स्पेनच्या आरमारांतील लेफ्टनंट. जन्म १८५१, कार्ताहेना बंदरीं. आरमाराच्या विद्यालयांत तो शिकवीत असे, आणि विजेवर चालणारी बोट पाण्याखालून नेण्याचा आराखडा त्यानें मनाशीं रचला होता. १८८५ सालीं कॅरोलाइन बेटांवरून जर्मनीशीं तंटा उपस्थित झाला तेव्हां त्यानें तो वरिष्ठांपुढें ठेविला. राज्याचा कारभार पाहणाऱ्या राणी मारिया ख्रिस्तीना यांनीं पाठबळ दिलें व ८ सप्टेंबर १८८८ रोजीं कादिझजवळच्या गोदींतून बोट पाण्यांत उतरली. लांबी सुमारें बावीस मीटर; तीस-तीस अश्वशक्तीच्या दोन विद्युत् मोटारी; सहाशेंहून अधिक बॅटऱ्या; पुढें टॉर्पेडोची नळी. पुढील दोन वर्षें पेराल स्वतः तिचा कप्तान होऊन प्रयोग करीत राहिला. बोट बुडाली, तासभर पाण्याखालून चालली, वर आली, टॉर्पेडोहि सुटले. लोकांनीं त्याला डोक्यावर घेतलें. मग चौकशीमंडळ बसलें, मतभेद झाले, हेवेदावे शिरले आणि १८९० च्या अखेरीस सरकारनें बोट नापसंत केली. पेरालनें आरमार सोडलें.

यानंतरचें त्याचें चरित्र सहसा कोणी सांगत नाहीं, आणि आम्हांला तेंच अधिक मोलाचें वाटतें. तो घरीं बसून कपाळाला हात लावून राहिला नाहीं. बॅटरी आणि वीज यांचें जें ज्ञान त्यानें पाण्याखालीं मिळविलें होतें तें घेऊन तो माद्रिदला धंद्यांत पडला, व स्पेनमधील गांवांत विजेचे दिवे लावण्याच्या उद्योगाला लागला. आयुष्य त्याला फार लाभलें नाहीं. शस्त्रक्रियेसाठीं बर्लिनला गेला असतां २२ मे १८९५ रोजीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं तो वारला. त्याच्या बोटीचा सांगाडा मात्र वांचला. आज तो कार्ताहेना येथील आरमारी संग्रहालयांत आहे.

दुसरें उदाहरण याच्या अगदीं उलट स्वभावाचें व उलट नशिबाचें. हायमन रिकोव्हर हा पोलंडमधील एका ज्यू शिंप्याचा मुलगा. लहानपणीं आईबापांबरोबर अमेरिकेस आला, १९२२ मध्यें आरमारांत अधिकारी झाला, विद्युत्-शास्त्राची पदवी घेतली, पाणबुडीवर गेला. पाणबुडीचा कप्तान होण्याची परीक्षा त्यानें दिली होती, पण बोट मिळाली नाहीं. १९३७ सालीं त्यानें अभियंता-शाखा पत्करली. त्या आरमारांत याचा अर्थ असा, कीं यापुढें कोणत्याहि युद्धनौकेची आज्ञा देण्याचा हक्क कायमचा सोडावयाचा. अधिकाराच्या दृष्टीनें पाहिलें तर हाहि 'उतरला'च! आणि त्याच माणसानें पुढें अणुशक्तीवर चालणारी जगांतील पहिली पाणबुडी 'नॉटिलस' घडवून आणिली. १७ जानेवारी १९५५ रोजीं ती अणुशक्तीवर प्रथम समुद्रांत निघाली. मनुष्य भांडखोर, बोलण्यांत तिखट. वरिष्ठांनीं दोनदां त्याची बढती डावलली आणि शेवटीं लोकप्रतिनिधींना मध्यें पडावें लागलें. १९८२ पर्यंत तो नोकरींत होता. अशा माणसाच्या हाताखालीं राहणें सुखाचें नसावें. परंतु एखादा सांधा गळतो आहे आणि कागदोपत्रीं तो ठीक आहे, हें त्याला कोणी सांगूं धजत नसे.

याच रिकोव्हरच्या हाताखालीं जिमी कार्टर नांवाचा एक तरुण पाणबुडी-अधिकारी होता. १९५३ सालीं वडील वारले म्हणून त्यानें आरमार सोडलें आणि गांवीं जाऊन भुईमुगाचा धंदा सांभाळला. पुढें तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला हें सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या मातोश्री लिलियन कार्टर १९६६ ते १९६८ या काळांत आमच्या विक्रोळीस परिचारिका म्हणून सेवा करीत होत्या, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. वहिनींना ही गोष्ट सांगितली तेव्हां त्यांनीं एवढेंच विचारलें, "मुलगा पाणबुडीवर असतांना त्या बाईंना झोंप येत असे का?"

पण इतक्या दूर जाण्याची तरी काय गरज? साताऱ्याहून आगगाडीनें सांगलीस जातांना वाटेंत किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस व्ही. जे. टी. आय. मध्यें शिक्षक होते. ती अब्रूची नोकरी सोडून त्यांनीं बेळगांवास सायकलींचें दुकान पाहिलें. पुढें लोखंडी नांगर केला, तर लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत आडवी आली. १९१० सालीं औंधच्या अधिपतींनीं दिलेल्या निवडुंगानें माजलेल्या माळावर त्यांनीं कारखाना उभारला. त्या वेळीं शिक्षकाचा लोहार झाला असें कोणी म्हटलें नसेल असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं. सांगलीसहि १९४७ सालीं धोंडुमामा साठे यांनीं अभियांत्रिकी महाविद्यालय काढलें; १९५५ पासून तें वालचंदांच्या नांवानें चालतें. त्या एका विद्यालयानें या भागांतील किती घरांतून यंत्रविद्या नेली याची मोजदाद कोणीतरी करावयास हवी.

आतां ओतशाळेकडे वळूं. मामांचा कारखाना कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत आहे. पंपांचे ओतीव भाग करतात, माणसें चौदा. पुतण्या गेला त्याच्या पहिल्याच महिन्यांत त्यानें पाण्याच्या दाबाखालीं प्रत्येक भाग तपासण्याची सोय केली. ओतीव लोखंडांत कधीं कधीं डोळ्यांना न दिसणारीं बारीक छिद्रें राहतात; दाब चढविला कीं त्यांतून पाण्याचा घाम सुटतो. अशा भागांत लांबी भरावी, वरून रंग मारावा व गाडींत चढवावा, ही रीत मामांनीं शोधून काढलेली नाहीं; ती बाजाराचीच आहे. पुतण्यानें त्या महिन्यांत पाझरलेले सर्व भाग पुन्हां भट्टींत टाकविले. माल वेळेवर गेला नाहीं. एक जुनें गिऱ्हाईक तुटलें.

मामा शांत वृत्तीचे, तीस वर्षें या धंद्यांत मुरलेले. ते भाच्याला म्हणाले, "अरे, हा पंप मळ्यांत बसायचा आहे, समुद्राखालीं नाहीं."

भाचा म्हणाला, "मळ्यांतला बंद पडला तर ऊंस वाळतो, मामा."

"आणि आपण बंद पडलों तर चौदा घरांच्या चुली!"

येथें कोणाचा पक्ष घ्यावा? आम्हांला मामांचें म्हणणें सोडून देतां येत नाहीं. पाणबुडीच्या सांध्याची किंमत सरकार देतें, आणि ती कितीहि झाली तरी बत्तीस-चाळीस माणसांच्या प्राणांपुढें थोडीच असते. मळ्यांतल्या पंपाची किंमत शेतकरी देतो, आणि तो दहा दुकानें फिरून देतो. जें काटेकोरपण खोल पाण्यांत धर्म होता तेंच बाजारांत चैन ठरूं शकतें. परंतु 'उतरला' या शब्दाचें उत्तर आम्हांला या भांडणांतच मिळालें. जो मनुष्य वीस वर्षें दुसऱ्याच्या हातच्या सांध्यावर आपला जीव टांगून राहिला, त्याला तो सांधा जेथें जन्मतो तेथें जाऊन उभें राहावेंसें वाटलें, यांत आम्हांला उतरणें दिसत नाहीं. तो त्याच नळीचें दुसरें टोंक पाहावयास गेला आहे.

गेल्या श्रावणांत दादा प्रथमच सांगलीस गेले. निमित्त गणपतीच्या दर्शनाचें होतें. दुपारीं कारखान्यांत बसले असतां त्यांनीं चांचणीची वही मागून घेतली, चष्मा लावला, आणि पांच मिनिटांत त्यांचा मुख्याध्यापक जागा झाला. तारखा एका रांगेंत नाहींत, 'पाझर' हा शब्द तीन प्रकारांनीं लिहिलेला, कोणी तपासलें त्याची सही नाहीं! त्यांनीं पट्टी घेऊन नव्या वहीचे रकाने स्वतः आंखून दिले आणि सहीचा रकाना सर्वांत रुंद ठेविला. त्यानंतर मुलाशीं त्यांचें त्या विषयावर कांहीं बोलणें झाल्याचें आम्हांला ठाऊक नाहीं. आळींत मात्र अजून कोणी विचारलें तर ते "तो नेव्हींत होता" असें म्हणतात व थांबतात.

मामा-भाच्यांत सध्यां अशी तडजोड आहे कीं, दरपत्रकांत चांचणीचा खर्च निराळा मांडावयाचा. ज्याला हवी त्यानें ती घ्यावी, नको त्याला तसें लेखी कळवावें. दोन गिऱ्हाइकांनीं ती घेतली आहे, तिसऱ्यानें पत्राचें उत्तर दिलेलें नाहीं. दिवाळीचा बोनस मामांनीं बँकेचें कर्ज काढून भागविला. मार्चअखेर हिशेब पाहून पुढें काय तें ठरवूं, असें दोघांनीं मान्य केलें आहे.